कबरं कोकरू

इंदो तांगकेला दृष्टांतांची किळस आली ती उंदरापासून.

त्याआधी तिची काही तक्रार नव्हती. नवे पाळक एलिफास सारिरा मकासर शहरातून शिकून डोंगरातल्या बुंतुलेपोंग गावी आले ते एक पत्र्याची पेटी घेऊन. पेटीत कपडे कमी आणि दृष्टांत जास्त. पहिल्या रविवारी त्यांनी मीठ आणलं. दुसऱ्या रविवारी उकडलेलं अंडं. टरफल, पांढरं आणि पिवळं, तीन मिळून एक. पुढच्या बाकावरच्या पोरांना त्रैक्य कितपत कळलं कोण जाणे, पण अंडं शेवटी कोणाला मिळणार हा प्रश्न सगळ्यांना पडला. तिसऱ्या रविवारी काचेच्या बरणीत पाणी. त्यात शाई, म्हणजे पाप. मग कपडे पांढरे करायच्या औषधाचे चार थेंब, म्हणजे कृपा. पाणी नितळ झालं, मंडळी ‘अरे वा’ म्हणाली, आणि उरलेली कृपा वेदीच्या लाल कापडावर सांडून तळहाताएवढा पांढरा डाग पडला. इंदोने त्यावर कापडी फूल शिवून तो झाकला.

चौथ्या रविवारचा विषय मोह. मोह कळावा म्हणून सापळ्यात खरा उंदीर हवा होता आणि मोहाचा शेवट कळावा म्हणून तो मेलेला हवा होता. प्रवचन रंगलं. त्यानंतर पाळक खालच्या खोऱ्यात लग्न लावायला गेले ते चार दिवस आलेच नाहीत, आणि मोहाचा शेवट व्यासपीठाच्या कप्प्यात पडून राहिला. बुधवारी चर्च झाडताना इंदोने कप्पा उघडला. पुढचं तिने कोणाला सांगितलं नाही, पण दोन दिवस तिला भात गेला नाही.

‘पाळकसाहेब, तुमचा मोह मी डुकरांपुढे टाकला,’ ते परत आल्यावर ती म्हणाली.

‘मग?’

‘नाही खाल्ला त्यांनी.’

इंदो म्हणजे आई. तांगके हा तिचा थोरला. तो बोर्निओला लाकूडतोडीवर गेला तो गेलाच, आईला आपलं नाव तेवढं ठेवून गेला. तिचं स्वतःचं नाव दमारिस, पण ते फक्त बाप्तिस्म्याच्या वहीत होतं. नवरा वारल्यावर ती चर्चमागच्या खोलीत राहायला आली. चर्च झाडायचं, घंटा वाजवायची आणि रविवारी उपासनेआधी तासभर पोरांना शिकवायचं. पगार नव्हता. बोलणी होती, ती वेळच्या वेळी मिळत.

या डोंगरांत मेंढरू नाही. डुकरं प्रत्येक घराच्या खाली, रेडे प्रत्येक चिखलात, पण मेंढरू कोणाच्या बापाने पाहिलेलं नव्हतं. आणि शिकवायचं तर सगळं मेंढरांचंच. हरवलेलं मेंढरू, मेंढपाळाचा आवाज ओळखणारं मेंढरू, देवाचा कोकरा. इंदोने लहानपणी दवाखान्यातल्या परदेशी नर्सबाईकडे कोकराचं एक चित्र पाहिलं होतं. काळं-पांढरं, काडेपेटीएवढं. त्या भांडवलावर तिने वयाच्या सव्विसाव्या वर्षी पिठाची दोन पोती उसवून, जोडून, त्यावर कोकरू रंगवायला घेतलं. बाप घरांवर नक्षी कोरणारा होता. रंग त्याचेच वापरले. काजळीचा काळा, चुन्याचा पांढरा, आणि मातीचे तांबडा नि पिवळा.

बाप शेजारी बसून बघत होता.

‘हे सगळ्यात मोलाचं ना?’ त्याने विचारलं.

‘हो. याच्याहून मोलाचं काहीच नाही.’

‘मग पांढरं कसं गं?’

प्रश्न बरोबर होता. या मुलखात निव्वळ पांढरा रेडा म्हणजे सगळ्यात स्वस्त. काही घरं तर त्याला अंगणातही घेत नाहीत. काळा चांगला. पण ज्याच्या काळ्या अंगावर पांढरे मोठे डाग आणि डोळे निळसर, तो कबरा. त्याच्यासाठी लोक दहा-दहा काळे देतात, शेतं देतात, आणि ज्याच्या मर्तिकात बळीला कबरा उभा राहिला तो माणूस मानाने गेला असं पन्नास वर्षं सांगतात.

‘देव स्वतःच्या पोराला पाठवणार,’ बाप म्हणाला, ‘आणि स्वस्तातलं जनावर म्हणून पाठवणार?’

इंदोने कोकराला काळे डाग दिले. एक डोळा निळा केला. शेपटीला टोकाशी गोंडा ठेवला आणि कपाळावर शुभ जागी भोवरा काढला. शिंगं दिली नाहीत, कारण कोकराला ती नसतात असं नर्सबाई म्हणाली होती, पण पुढे फुटली तर अडचण नको म्हणून जागा मोकळी सोडली.

ते चित्र एकतीस वर्षं भिंतीवर होतं. मधल्या चार पाळकांपैकी दोघांना त्यात काही वावगं वाटलं नाही, एकाला दिसायचंच कमी, आणि एकाने एवढं उमदं जनावर कोणाच्या घरचं म्हणून विचारलं होतं.

सारिरा पाळक मात्र शहरात वाढलेले.

‘इंदो, कोकरू निष्कलंक हवं, इतकं तर लहान पोरालाही ठाऊक असतं,’ ते चित्रासमोर उभं राहून म्हणाले. ‘डाग म्हणजे पाप. एकतीस वर्षं तुम्ही पोरांना पापाने भरलेला तारणारा दाखवताय!’

‘डाग म्हणजे पाप, हे त्या जनावराला कोणी सांगितलं?’

‘ते प्रतीक असतं, इंदो.’

‘आणि उंदीर?’

‘तोही प्रतीकच.’

‘त्याला वास येत होता.’

पाळक हसले. ते रागावत नसत, ही त्यांच्यातली सगळ्यात अवघड गोष्ट होती. ईस्टरला सिनॉडचे, म्हणजे सगळ्या चर्चांच्या वरच्या मंडळाचे, शिक्षण-सचिव येणार होते, कॅमेरा घेऊन. त्याआधी चित्र उतरायला हवं होतं. जागेवर लावायला छापील प्लास्टिकचा फलक पाळकांनी आणूनही ठेवला होता. त्यावरचं कोकरू इतकं पांढरं होतं की ते कधी जेवत असेल असं वाटत नव्हतं. शिवाय त्या दिवशी खरंखुरं कोकरू चर्चमध्ये आणायचं त्यांनी ठरवलं होतं. किनाऱ्यावरून, बसने.

इंदो त्या दिवसभर घंटेच्या ओट्यावर बसून होती. तिच्या हाताखालून गेलेल्यांत दोन पाळक झाले होते, एक फौजदार, तीन मास्तर, आणि एक जण तुरुंगात होता. सगळ्यांच्या डोक्यात कबरं कोकरू. ते चुकलं असेल तर एवढ्या डोक्यांतून आता पुसायचं कसं? आणि चुकलं नसेल, तर हा शहरातला पोरगा ते भिंतीवरून उतरवणार कोण?

संध्याकाळी ती पाळकांच्या दाराशी गेली.

‘खरं येऊ दे,’ ती म्हणाली. ‘पांढरं निघालं तर चित्र मी स्वतः उतरवीन. कबरं निघालं तर ते तिथेच राहील.’

‘मंजूर,’ पाळक म्हणाले. ‘आणि उतरवाल ते सगळ्यांसमोर उतरवा. तेही एक प्रतीक होईल.’

ती संध्याकाळची घंटा वाजवायला गेली.

कोकरू मंगळवारी सकाळी बसच्या टपावरून आलं, वेताच्या टोपलीत, पाय बांधून. कंडक्टरने टोपली उतरवली आणि हात पँटला पुसले. अर्धं गाव जमलं होतं. सगळ्यांत पुढे लोबोआजा. मर्तिकाला आलेलं प्रत्येक जनावर नाकपुडीपासून शेपटीपर्यंत तपासायचं, पास-नापास करायचं आणि नंतर मचाणावरून मांसाच्या वाट्यांची नावं पुकारायची, हे त्याचं जन्मभराचं काम.

टोपली उघडली आणि लोक दोन पावलं मागे सरले.

डुकराचा वास हा वास नव्हे, तो घराचा वास. हा वेगळाच होता. ओल्या घोंगडीत कोणीतरी आंबट दूध सांडून आठवडाभर विसरावं तसा. लोकर पिवळट आणि तेलकट, मागच्या बाजूला लेंड्यांचे वाळलेले गोळे लोंबत होते आणि प्रत्येक पावलाला एकमेकांवर आपटत होते. डोळ्यांतून चिकट पाणी. कानामागे गोचिड्या, फुगून करवंदाएवढ्या. सुटल्यासुटल्या ते पाळकांच्या आवाजाकडे पाठ करून थेट गटाराकडे गेलं, आणि तिथे पडलं.

‘हे?’ लोबोआजा म्हणाला. ‘ऐंशी वर्षं आपण याच्यावर गाणी म्हणतोय?’

‘आजोबा, हळू बोल, पाळक ऐकतील,’ गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

‘ऐकू दे. त्यांनीच मागवलंय.’ तरी सवयीने तो गटारात उतरला. दात बघितले, खूर बघितले, शेपटी उचलून तोंड वाकडं केलं. मग डाव्या कुशीवरचा चिखल त्याने अंगठ्याने खरवडला आणि थांबला. ‘पण इंदो, इकडे ये. अंग बघ याचं.’

डाव्या कुशीवर बशीएवढा काळा डाग होता. एक कानही काळा.

‘कबरं आहे की गं!’

इंदोने नाकावरचा पदर काढला नाही. ती चर्चमध्ये गेली, चित्रासमोर क्षणभर उभी राहिली, आणि केरसुणी घेऊन आधीच झाडलेली जमीन पुन्हा झाडू लागली.

पाळकांनी डाग पाहिला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, पण फार वेळ नाही. ‘मळ असेल,’ ते म्हणाले. ‘धुवा.’

इंदोने धुतलं. साबणाच्या दोन वड्या संपल्या. पांढरं आणखी पांढरं झालं आणि काळं आणखी काळं. बुधवारी पाळकांनी कृपेची बाटली आणली. डाग गंजलेल्या पत्र्यासारखा तांबूस झाला, कोकरू शिंकत राहिलं, आणि इंदोच्या बोटांची सालं निघाली. गुरुवारी त्यांच्या हातात चुन्याचा डबा आणि ब्रश होता. ईस्टरला थडगी पांढरी करतात, त्यासाठी भिजवलेला चुना.

‘चुना अंग जाळतो, पाळकसाहेब.’

‘दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. रविवारी दुपारी धुऊन टाकू. लबाडी नाही ही, इंदो. लोकांना जे दिसायला हवं ते दिसावं, एवढंच. पाय धरा.’

तिने पाय धरले.

का धरले, याची कारणं तिने नंतर पुष्कळ शोधली. पाळक सांगतील ते करायची चाळीस वर्षांची सवय. नुसतं धरणाऱ्याकडे दोष येत नाही अशी समजूत. आणि एक तिसरं, जे तिने कोणापुढेही बोलून दाखवलं नाही. चुना भर उपासनेत गळून पडेल, डाग दिसेल, पाळक तोंडघशी पडतील, असं तिला वाटत होतं आणि ते बघायची तिला हौस होती.

पाळकांनी बाह्या सारून, जीभ दातांत धरून, मन लावून रंगवलं. दोन हात दिले.

शुक्रवारी कोकरू दिवसभर ओरडलं. शनिवारी ओरडायचं थांबलं. चुन्याची खपली उचलायला इंदोने बोट लावलं तर खपलीबरोबर लोकर आली आणि लोकरीबरोबर कातडी. खाली लाल, ओलं, कडांना पिवळं. माश्यांना बोलावणं लागलं नाही. तिने खोबरेल लावलं, केळीच्या पानाने वारा घातला, आणि मग मागे जाऊन कॉफीच्या झुडपाखाली ओकली.

पाळक दारापर्यंत आले. रुमाल नाकाला होता.

‘वरून कापड टाकू,’ ते म्हणाले. ‘पांढरं. शोभून दिसेल.’

रविवारी चर्च खच्चून भरलं. सचिव पहिल्या रांगेत, मांडीवर कॅमेरा आणि वही. भिंतीवर चित्र होतं, खाली गुंडाळलेला फलक तयार होता. पाळकांनी कोकरू स्वतः दोरीने ओढत आणलं. इस्त्रीच्या पांढऱ्या कापडाखालून त्याचे चार पाय चुकतमाकत पडत होते. उदबत्तीसारखा काहीतरी सुगंध पाळकांनी फवारला होता. त्यामुळे वास झाकला गेला नाही, त्याला सोबत मिळाली. पुढच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. पाळकांना ती भक्ती वाटली.

‘पाहा!’ ते म्हणाले. ‘डाग नाही, व्यंग नाही! हेच का निवडलं? कारण...’

‘थांबा हो जरा,’ मागून आवाज आला.

लोबोआजा उठला होता. मुद्दाम नव्हे. मैदानात जमलेल्या लोकांसमोर जनावर उभं केलं आणि ‘व्यंग नाही’ असं कोणी ओरडलं की पुढे जाऊन तपासायचं, हे त्याचे पाय पन्नास वर्षं करत आले होते. प्रवचन चाललंय की मर्तिक, हे पायांना कळत नाही. तो काठी टेकत पुढे आला, वाकला आणि कापड उचललं.

कापड सहजी निघालं नाही. ते चिकटलं होतं. निघताना जो आवाज आला तो चौथ्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

एक पोरगी रडू लागली.

‘जनावर चांगलं होतं,’ लोबोआजा म्हणाला, मचाणावरून बोलतो त्याच आवाजात. ‘कबरं होतं, मी मंगळवारी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कोणीतरी नासवलंय. हे देता येत नाही. मेलेल्या माणसालासुद्धा देता येत नाही, तिथे देवाची काय कथा.’ तो मंडळीकडे वळला. ‘कोणी केलं?’

व्यासपीठावर पाळक आपले कागद जुळवत होते. इंदोने त्यांच्याकडे पाहिलं. ते कागद जुळवतच राहिले. तिला हवं होतं ते सगळं झालं होतं, डागाचा निकाल लागला होता, पाळक तोंडघशी पडले होते. आणि तिला फक्त मळमळत होतं.

‘पाय मी धरले,’ ती उभी राहून म्हणाली.

‘आणि चुना?’

ती उत्तर देणार तोच टाळी वाजली. एकच, मग दुसरी. सचिव उभे राहिले होते आणि त्यांचे डोळे पाणावले होते.

‘विलक्षण!’ ते म्हणाले. ‘वरून शुभ्र, आत जखम! आणि मग कबुलीसुद्धा मंडळीतूनच! आजोबांनी तर काय काम केलंय! बंधू सारिरा, इतकी तयारी किती दिवस केली?’

पाळकांनी कागद खाली ठेवले. इंदो त्यांच्या तोंडाकडे बघत होती. एक क्षण त्यांच्या चेहऱ्यावर माणूस दिसला, घाबरलेला, पंचवीस-तीस वर्षांचा. मग त्यांनी मान किंचित झुकवली.

‘पूर्ण आठवडा,’ ते म्हणाले.

फोटो निघाले. लोबोआजाचा स्वतंत्र निघाला. ‘मी काही काम केलेलं नाही,’ तो सांगत होता, ‘मी खरंच विचारतोय, कोणी केलं?’ सचिवांना हा नम्रपणाही आवडला.

कोकरू मंगळवारी मेलं, आलं त्याच वेळी. तरुणांपैकी दोघांचं म्हणणं होतं की निदान चव तरी बघू. लोबोआजाने नुसतं पाहिलं, तसे ते गप्प झाले. इंदोने कॉफीच्या झुडपाखाली खड्डा खणला. पाळक वही घेऊन आले आणि दोन शब्द बोलू का म्हणाले.

‘नको,’ ती म्हणाली. ‘माती ओढायची तर ओढा.’

त्यांनी थोडी ओढली.

चित्राचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. फलकावर लोकांनी कॉफी वाळत घातली. पंधरा दिवसांत सिनॉडचं पत्र आलं. सारिरा पाळकांनी महिनाभर मकासरला येऊन इतर पाळकांना दृष्टांतांचा वापर शिकवावा. ते पेटी घेऊन गेले.

ते गेल्यावर इंदोने चित्र उतरवलं. स्वतःच, आणि कोणासमोरही नाही. जमिनीवर पसरून त्याच्याभोवती ती दोन दिवस फिरत होती. मग काजळी घोटली, माती भिजवली, आणि पांढऱ्यासाठी तोच डबा काढला, ज्यात थोडा चुना उरला होता. तिसऱ्या दिवशी चित्र परत भिंतीवर गेलं.

पाळक आले ते जरा जाड होऊन आले. चर्चमध्ये शिरले, चित्राशी थबकले. कोकरू तेच होतं, कबरं, निळ्या डोळ्याचं. पण डाव्या कुशीवर तांबडा, कडांना पिवळा घाव होता. त्यावर माश्या होत्या, नीट मोजून काढलेल्या. आणि खालून दोन हात आले होते, कोकराचे पाय घट्ट धरलेले.

‘हे काय, इंदो?’

‘चुना लागला होता तिथे.’

‘आणि हात?’

‘माझे. करंगळीचं नख नाही, बघा.’

पाळकांनी वाकून करंगळी पाहिली. मग त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि वही बाहेर आली. ‘फार प्रभावी आहे. फारच. पोरांना हे कशाचं प्रतीक म्हणून सांगता?’

‘कशाचंच नाही. पाय मी धरले होते, एवढंच सांगते.’

‘मग पोरं काय म्हणतात?’

‘विचारतात, ब्रश कोणाच्या हातात होता.’

पाळकांची पेन्सिल थांबली. ‘आणि तुम्ही?’

‘मी म्हणते, पाळकसाहेब परत आले की त्यांना विचारा.’ तिने केरसुणी उचलली. ‘पाय उचला, तुमच्याखाली झाडायचं राहिलंय.’

रविवारी घंटा व्हायच्या आधी पाळकांनी आपल्या घराचं दार उघडलं, तेव्हा पायरीवर अकरा पोरं बसलेली होती.